अब्बांची सव्वादोन किलोची पिशवी

तळोद्यात आमचे शिलाईचे दुकान आहे. दिवाळीची शिलाई उरकली की दुकानाला चार दिवस कुलूप लावायचे आणि अक्राणीत, उदई नदीवर मासे धरायला जायचे, हा अब्बांचा शिरस्ता आमच्या जन्माच्याही आधीचा. आम्ही चार भावंडं. थोरली बाजी आणि तिच्या पाठचे तिघे भाऊ. जसजसे पायात बळ आले तसतसे आम्ही एकेक करून त्यांच्यामागे निघू लागलो. बाजी लग्नानंतर थांबली होती, पण तिचे सासर गावातच, त्यामुळे तयारीच्या दिवशी ती हजर असायचीच.

दोन वर्षांपूर्वी अब्बांच्या हृदयाला स्टेंट बसला. साखर त्याच्या आधीपासून आहे, रोज इन्सुलिन घ्यावे लागते. डॉक्टरांनी चालायला मनाई केली नाही, उलट रोज चाला म्हणाले. मात्र चढावर ओझे नको, खांद्यावर दोन-अडीच किलोच्या वर काही घ्यायचे नाही, असे बजावले. अब्बा घरी आले, टोपी खुंटीला अडकवली आणि म्हणाले, "मग झालं. माझं जाणं संपलं. तुम्ही जात जा."

आम्ही म्हटले, "अब्बा, तुमचं सामान आम्ही घेऊ की!"

"माझं अंथरूण दुसऱ्याच्या पाठीवर? त्यापेक्षा मी काजं-बटणं करत दुकानात बसतो."

त्यांचा स्वभाव ज्यांना माहीत आहे त्यांना यापुढे बोलण्यात अर्थ नाही हे कळते. ते कुणाच्या घरी जेवले तरी आपले ताट आपण उचलतात. तेव्हा प्रश्न असा होता की अब्बांचे सगळे सामान, म्हणजे त्यांचे अंथरूण, कपडे, औषधे आणि मासेमारीची त्यांची चीजवस्तू, अडीच किलोच्या आत बसते का. आणि बसवायचे तर आमचेही ओझे तितकेच उतरायला हवे होते. कारण आम्ही पंधरा-पंधरा किलो घेऊन धापा टाकत चढलो असतो आणि ते मोकळे चालले असते, तर पहिल्याच वळणावर त्यांनी कुणाची तरी पिशवी ओढून घेतली असती.

शेजारच्या किराणा दुकानातला काटा रात्री उसना आणला आणि जुन्या सफरीचे सामान ओटीवर मांडून एकेक वस्तू तोलायला घेतली. हे सामान उगाच जमलेले नव्हते. अब्बा तरुण असताना त्या भागात जीप क्वचितच जायची, दुकाने नव्हती, दोन दिवस अडकून पडायची वेळ कधीही यायची. त्या काळाच्या हिशेबाने ते बरोबरच होते. पण काट्यावर चढवल्यावर आकडे बोलू लागले. रॉकेलचा पंप मारायचा पितळी स्टोव्ह आणि रॉकेलची बाटली मिळून साडेचार किलो. कॅनव्हासचा तंबू खुंट्यांसकट सहा किलो. दोन रजया पाच किलो. लोखंडी तवा, पातेले आणि स्टीलचे डबे पाच किलोच्या आसपास. दहा लिटरचा पाण्याचा कॅन भरला की दहा किलो, कारण पाण्याच्या वजनाला कुणाचा इलाज नाही, एक लिटर म्हणजे एक किलो. आणि सगळ्यात जड, थर्माकोलची बर्फाची पेटी. जाताना बर्फ आणि येताना मासे. दोन्ही वेळा तिच्यामुळे एक माणूस अडकलेला.

पेटीवरून घरात बराच खल झाला. अम्मी म्हणाली, पेटी नाही तर मासे घरी कसे येणार, आणि शेजारच्या चार घरांत वाटायचे काय? हा प्रश्न खोटा नव्हता. नदीवरून आलेले मासे मोहल्ल्यात वाटणे हा त्या सफरीचाच भाग होता. धाकट्याने दुसरा मुद्दा काढला: इन्सुलिनला बर्फ लागतो. तो औषधाच्या दुकानात विचारून आल्यावर निघाला. वापरात असलेले बहुतेक प्रकारचे इन्सुलिन साधारण चार आठवडे घरातल्या तापमानाला, म्हणजे तीस अंशांच्या आत, टिकते. फ्रीज लागतो तो न उघडलेल्या साठ्याला. उलट बर्फाला चिकटून ते गोठले तर फेकून द्यावे लागते. वाचकांनी आपापल्या औषधासोबतचे माहितीपत्रक बघून घ्यावे, पण आमच्यापुरता तो मुद्दा मिटला. नोव्हेंबरात सातपुड्यात तीस अंशांची चिंता दुपारीच, आणि त्या वेळेला ओल्या फडक्यात गुंडाळून सावलीत टांगले की पुरे.

राहता राहिले मासे. त्यावर तोडगा अम्मीनेच काढला. मासा पाठीतून चिरून उघडा करायचा, मीठ-हळद चोळून उन्हात दोरीवर टांगायचा. पाण्याबरोबर त्याचे वजनही उतरते. दोन दिवसांच्या कडक उन्हात निम्म्याहून कमी होते. सुके मासे कागदात गुंडाळून आणायचे. वाटणी छोटी होईल, पण होईल. पेटी माळ्यावर गेली ती गेली. हल्ली तिच्यात अम्मीचे कांदे असतात.

रॉड आणि किडे, हे प्रकरण जरा सविस्तर सांगायला हवे. पूर्वी आमच्याकडे बाजारातले दोन रॉड होते, रीळ लावलेले, आणि आमिषासाठी ओल्या मातीचा डबा, त्यात गांडुळे. डब्याचे वजन किलोभर आणि वास वेगळा. शिवाय एक गोष्ट अब्बांना कित्येक वर्षे सलत होती. जिवंत किडा गळाला टोचायचा आणि तो वळवळत असताना पाण्यात सोडायचा, हे मोहल्ल्यातल्या मौलानांना पसंत नव्हते. मुक्या जिवाला विनाकारण यातना देऊ नयेत हे आपल्याकडे लहान मुलांनाही शिकवतात. अब्बा गांडूळ आधी मारून मग लावायचे, पण मेलेल्या आमिषाकडे उथळ, वाहत्या पाण्यातले मासे फारसे येत नाहीत.

मधल्याने मोबाइलवर परदेशातल्या लोकांचे मासे धरणे पाहिले होते. ते गळावर किडा लावतच नाहीत. पिसे आणि दोरा गुंडाळून किड्यासारखा दिसणारा बनावट किडा करतात. त्याला ते फ्लाय म्हणतात, माशी. ही युक्ती काही कालची नाही. सुमारे अठराशे वर्षांपूर्वी एलियन नावाच्या रोमन लेखकाने लिहून ठेवले आहे की मॅसिडोनियातल्या एका नदीवरचे लोक गळाभोवती लाल लोकर गुंडाळून तिला कोंबड्याची दोन पिसे बांधतात, आणि मासा ती माशी समजून झडप घालतो. हे ऐकल्यावर बाजीने शिलाई मशीनचा खण उघडला. लाल, काळा, मातकट असे सगळे दोरे त्यात होते. जरीचे तुकडे होते. पिसे कोंबडीवाल्याकडे फुकट. मानेवरची अरुंद पिसे उत्तम, कारण ती गळाच्या दांड्याभोवती फिरवली की त्यांचे केस पायांसारखे चहूकडे उभे राहतात. शिंप्याच्या घरात जन्मलेल्या बाईला गाठ कशी दडवायची हे शिकवावे लागत नाही. दोन रात्रींत तिने चाळीस माश्या बांधल्या. अत्तराच्या बाटल्या येतात त्या चपट्या पत्र्याच्या डबीत त्या सगळ्या मावल्या. डबीसकट वजन शंभर ग्रॅम. मातीचा डबा गेला, मौलानांचा आक्षेपही गेला.

पण माशीला वजनच नसते, मग ती लांब फेकायची कशी? साध्या गळाला शिसे लावतात, त्याच्या भाराने दोरी जाते. इथे उलटे असते. दोरीच वजनदार करायची आणि तिच्या झोकात माशी न्यायची. त्यासाठी परदेशात खास दोरी आणि रीळ मिळते, महाग असते. जपानच्या डोंगरातले कोळी मात्र रीळ वापरत नव्हते. लांब लवचीक काठी, तिच्या टोकाला बांधलेली दोरी आणि दोरीच्या टोकाला माशी, बस्स. या प्रकाराला तेनकारा म्हणतात आणि ओझे टाळणारे हौशी लोक हल्ली जगभर त्याच्या मागे लागले आहेत. त्याचे चित्र अब्बांना दाखवले तेव्हा ते बराच वेळ हसत होते. "अरे, हा तर पाड्यावरच्या पोराचा बांबू!"

खरेच आहे. उदईच्या काठी पावरा आणि भिल्ल घरांतली मुले बांबूच्या काठीला दोरी बांधूनच मासे धरतात, आणि आमचे रीळवाले रॉड बघून मनातल्या मनात काय म्हणत असतील ते त्यांनाच ठाऊक. आम्ही रॉड घरी ठेवले. काठी आता तिथेच विकत घेतो, ज्यांच्याकडे उतरतो त्या दादांकडून. ते आधीच वाळवून, विस्तवावर शेकून सरळ करून ठेवतात. ती येताना परत आणायची नाही, तिथल्याच मुलांना देऊन टाकायची. म्हणजे घरून निघताना रॉडचे वजन शून्य. दोरी आम्ही दुकानात वळली: बारीक नायलॉनचे धागे, काठीकडे सहा पदरी, मध्ये चार, पुढे तीन, आणि टोकाला हातभर एकेरी. अशी निमुळती दोरी झटकली की झोक टोकापर्यंत पोचतो आणि माशी अलगद पाण्यावर उतरते. पूर्वी अशी दोरी घोड्याच्या केसांची वळत. धाग्याला मेण लावायला शिंप्याला कुणाला विचारावे लागत नाही.

पहिल्या दिवशी एकही मासा लागला नाही हेही सांगून टाकतो. मासा माशी तोंडात घेतो आणि खोटी आहे हे कळताच थुंकतो. मधल्या क्षणात मनगट हलले पाहिजे. अब्बांना ते जमले, कारण सुईत दोरा ओवणाऱ्याचे डोळे. दुसऱ्या दिवशी त्यांनी खडकामागच्या डोहातून बोटाएवढे आठ-दहा चंदेरी मासे काढले. मोठा कधीतरीच लागतो.

मोठ्यावरून आठवले. नर्मदेचा मोठा मासा म्हणजे महसीर, नदीकाठची मंडळी त्याला बाडस म्हणतात. मध्य प्रदेशाने त्याला राज्याचा मासा ठरवले आहे. त्याला थंड, वाहते पाणी आणि गोट्यांचा तळ लागतो. सरदार सरोवराची भिंत १३८.६८ मीटर उंचीपर्यंत गेली आणि २०१९ च्या सप्टेंबरात ती पहिल्यांदा काठोकाठ भरली. तेव्हापासून अक्कलकुवा आणि अक्राणीच्या हद्दीतली नर्मदा वाहत नाही, नुसती उभी असते. उभ्या पाण्यात कटला, रोहू, चिलापी फोफावतात. बाडस वर ओढ्या-नद्यांकडे सरकतो किंवा दिसेनासा होतो. म्हणून चुकून लहान बाडस लागला तर आम्ही तो सोडतो. गळाचा काटा पकडीने आधीच दाबून ठेवलेला असतो, त्यामुळे तो ओल्या हाताने क्षणात सुटतो. एरवी मात्र धरायचे आणि सोडायचे, धरायचे आणि सोडायचे, हा परदेशी खेळ आम्हाला पटत नाही. खायचे नसेल तर त्या जिवाला ओढायचे कशाला? त्या वेळच्या जेवणापुरते आणि वाळवणापुरते झाले की दोरी काठीला गुंडाळायची. जलाशयाच्या पाण्यात तर गळ टाकतच नाही. ते मासे विस्थापितांच्या सोसायट्यांच्या रोजीचे आहेत. नदीवरही आधी गावात विचारायचे.

अमेरिकेतल्या एका आजीबाईंची गोष्ट बाजीने वाचली होती, ती आम्हाला फार उपयोगी पडली. एम्मा गेटवूड त्यांचे नाव. अकरा मुलांची आई. १९५५ मध्ये, वयाच्या ६७ व्या वर्षी, ॲपलाचियन नावाची तीन हजार किलोमीटरहून लांब डोंगरवाट त्या एकट्याने चालून गेल्या. पाठीवर मोठी बॅग नव्हती. घरी शिवलेली जाड कापडाची एक थैली खांद्यावर, पायात साधे कापडी बूट, थैलीत एक घोंगडी आणि पावसासाठी न्हाणीघराचा प्लास्टिकचा पडदा. तंबू नाही, झोपायची पिशवी नाही. आमच्याकडे शिलाई मशीन होते आणि आम्ही बाजारात अठराशे ग्रॅमच्या सॅक बघत फिरत होतो! दुसऱ्याच दिवशी पॅराशूट कापड आणले. चेन नाही, खिसे नाहीत, बकले नाहीत, तोंडाला नाडी आणि खांद्याला दुहेरी घडीचा रुंद पट्टा. शिंपी म्हणून सांगतो, पिशवीचे वजन कापडात नसते, ते जोडकामात असते. एक पिशवी दोनशे ग्रॅममध्ये बसली.

तसे पाहिले तर इतक्या लांबही जायला नको. दरवर्षी धनत्रयोदशीच्या सुमाराला आमच्याच गावातून अस्तंब्याच्या यात्रेला पोरे निघतात, रात्रभर चालत डोंगर चढतात आणि खांद्यावर एका छोट्या पिशवीशिवाय काही नसते. ती आमच्या दुकानासमोरून जातात आणि आम्ही आत बसून त्यांच्याच दिवाळीच्या पँटी शिवत असतो.

बाकीचे सामान झपाट्याने उतरले. तंबूऐवजी पातळ ताडपत्रीचा तुकडा, दोरी आणि झाडे. रजईऐवजी प्रत्येकाला एक लोकरी शाल आणि आत दुपट्ट्याचे अस्तर, कारण डाब, तोरणमाळकडे काही वर्षी दव गोठण्याइतकी थंडी पडते आणि तिथे फाजील शहाणपणा चालत नाही. स्टोव्हऐवजी तीन दगड आणि खाली पडलेली काटकी. एकच ॲल्युमिनियमचे पातेले, त्यातच भात, त्यातच चहा. पाण्याचा कॅन गेला. दादांच्या घराजवळचा झरा वर्षभर असतो, तिथले पाणी उकळायचे किंवा क्लोरीनचे थेंब टाकून अर्धा तास ठेवायचे. जानमाजऐवजी शालच. वजूला नदी.

बधन्यावर मात्र अब्बा अडून बसले. त्यांचा तोटीचा तांब्याचा बधना सव्वा किलोचा. "तहारत सोडून मी कुठेही जाणार नाही," असे ते म्हणाले आणि त्यांचे म्हणणे बरोबरच होते. शेवटी धाकट्याने पाण्याच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीच्या झाकणाला तापल्या दाभणाने तीन भोके पाडून दाखवली. पंचवीस ग्रॅम. अब्बांनी अंगणात दोनदा वापरून पाहिली, काही बोलले नाहीत आणि बधना कपाटात ठेवला.

स्वयंपाकाचा मसाला हा आमच्या जिल्ह्याचा आशीर्वादच म्हणायचा. नंदुरबारची मिरची आणि धडगावचे आमचूर. आमचूर म्हणजे वाळवलेली कैरी, पाणी काढून टाकलेली आंबट चव. लिंबू नको, चिंच नको. मिरची, हळद, मीठ, आमचूर एकत्र करून दीडशे ग्रॅमची पुडी चार दिवस पुरते. माशाला तेवढे चोळायचे, पळसाच्या किंवा सागाच्या पानात गुंडाळायचे आणि निखाऱ्यात ठेवायचे. तेल लागत नाही, तवा लागत नाही. मासा जिबह करावा लागत नाही, कुणीही धरलेला चालतो. म्हणून दादांच्या घरचे लोक आमच्यासाठी कोंबडी कापायला निघाले की अब्बा हात जोडून म्हणतात, "आपल्या हातचा मासा खाऊ, दादा." पाहुणचाराचाही मान राहतो आणि कुणाला अवघड वाटत नाही. ज्वारीची भाकरी त्यांच्या चुलीवरची. आम्ही त्यांच्यासाठी मुलांचे कपडे शिवून नेतो. तेवढे एक ओझे जाताना हौसेने घेतो.

गेल्या वर्षी रात्री शेकोटीपाशी दादांना आम्ही आमच्या पिशव्यांची वजने अभिमानाने सांगितली. त्यांनी एक पिशवी उचलून पाहिली, "चांगली आहे" म्हणाले आणि मग सहज म्हणाले की त्यांच्या वडिलांचे घर खाली नर्मदेकाठी होते. पाणी वर येऊ लागले तेव्हा त्यांनी घर सोडवले. सागाचे खांब, आडव्या तुळया, कौले, दाराची फळी, सगळे खांद्यावरून डोंगर चढवून आणले. एकेका खांबाला चार-चार माणसे. दोन पावसाळ्यांनी पाणी अजून वर आले तेव्हा पुन्हा एकदा. महाराष्ट्रातल्या तेहतीस गावांची थोड्याफार फरकाने हीच कहाणी आहे. आम्ही चौघेही त्यावर काही बोललो नाही. अब्बांनी शेकोटीतले लाकूड आत सरकवले आणि विचारले, "तो खांब अजून आहे?" दादांनी मागे बोट केले. आम्ही ज्याला टेकून बसलो होतो तोच होता.

काही गोष्टी मात्र आम्ही काट्यावर चढवल्याच नाहीत, कारण त्यांचे वजन कितीही असो, त्या जाणारच होत्या. मच्छरदाणी त्यातली पहिली; त्या खोऱ्यांत मलेरिया हा काही जुना किस्सा नाही. बॅटरी दुसरी, रात्री पाय कुठे पडतो ते दिसायलाच हवे, आणि सर्पदंश झाला तर वेळ न घालवता धडगावचे ग्रामीण रुग्णालय गाठायचे, मांत्रिकाकडे थांबायचे नाही, हे आम्ही आपसात ठरवून ठेवलेले आहे. अब्बांच्या खिशात, पिशवीत नव्हे, ग्लुकोजची पुडी आणि चार खजूर. इन्सुलिन घेणाऱ्याची साखर चालताना अचानक उतरते, तेव्हा पिशवीची नाडी सोडत बसायला सवड नसते. पायाचेही तसेच. साखरेच्या माणसाला टाच घासली तरी कळत नाही, म्हणून दर मुक्कामाला बूट काढून तळपाय बघायचा. हे काम बाजीकडे आहे. तिने त्यासाठीच पुन्हा यायला सुरुवात केली. निदान घरी तिने कारण असे सांगितले. प्रत्यक्षात तिला आपल्या माश्या पाण्यावर कशा दिसतात ते बघायचे होते, आणि आता डोहाच्या उतरत्या कडेला तिची माशी जितकी हलकी पडते तितकी आमच्यापैकी कुणाची पडत नाही.

निघायच्या आदल्या रात्री अब्बांची पिशवी काट्यावर ठेवली. पिशवी, शाल, एक कुर्ता आणि लुंगी, औषधे, बॅटरी, खजूर, बाटली, माश्यांची डबी. सव्वादोन किलो. पाणी आमच्याकडे. अब्बांनी स्वतः काटा दोनदा तपासला, किराणा दुकानदाराच्या काट्यावर त्यांचा पूर्वीपासूनच फारसा विश्वास नाही. मग पिशवी खांद्याला लावून ओटीवरून अंगणात आणि अंगणातून ओटीवर दोन चकरा मारल्या.

सकाळची एसटी चांदसैली घाटातून धडगावला पोचली, तिथून काळी-पिवळी जीप, आणि रस्ता संपल्यावर पायवाट. उतरताना आम्हाला पावणेदोन तास लागले. तिसऱ्या दिवशी चढताना अब्बा चार ठिकाणी बसले. प्रत्येक वेळी धाकटा पिशवीकडे नुसते बघायचा आणि अब्बा ती छातीशी धरायचे. वरच्या वळणावर, जिथून खाली नदीची रेघ दिसते, तिथे जोहरची वेळ झाली. शाली अंथरल्या. नमाजनंतर अब्बा तसेच बसून राहिले, खाली बघत. मग म्हणाले, "या थैलीचा पट्टा अर्धा इंच रुंद पाहिजे. आणि तुझ्या अम्मीलाही एक शिव. पुढच्या साली तिला तोरणमाळच्या तळ्यापर्यंत तरी न्यायला हवं, तिथं गाडी जाते."

अम्मीची पिशवी मशीनवर तयार आहे. तिने जांभळे कापड निवडले आहे आणि खिसा हवाच म्हणते आहे, पानाच्या डब्यासाठी. डबा साडेतीनशे ग्रॅमचा आहे. त्यावर अजून कुणी काही बोललेले नाही.